टोकियोहून हिंगण्याला : एका पुस्तिकेचा प्रवास

थ्रेड. १९१६ साली पुण्याजवळच्या हिंगण्यात भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. ब्रिटिश राजवटीत जन्मलेल्या या संस्थेचा आदर्श ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज नव्हता. तो होता टोकियोचा.

संस्थापक धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय. पुढे एका परिचिताकडून त्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणात त्यांनी तसेच विद्यापीठ भारतात काढण्याची कल्पना मांडली. काही महिन्यांतच ती प्रत्यक्षात आली.

मुळात ते जपानी विद्यापीठही सर्वस्वी जपानी नव्हते. त्याचे संस्थापक नारुसे जिन्झो १८९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत शिकून आले होते. तेथील महिला महाविद्यालये पाहून त्यांनी १९०१ मध्ये टोकियोत आपली संस्था उभारली. म्हणजे कल्पना अमेरिकेतून जपानला आणि जपानहून हिंगण्याला आली.

मग थेट अमेरिकेकडेच का पाहिले नाही? १९०५ मध्ये रशियाचा पराभव केल्यापासून जपानविषयी भारतात विलक्षण कुतूहल होते, हे एक कारण. पण शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. जपानी मुली उच्च शिक्षण जपानी भाषेतून घेत होत्या. १८५७ पासून चालत आलेल्या मुंबई विद्यापीठात मात्र इंग्रजीवाचून पाऊल पुढे पडत नसे. कर्व्यांनी मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठरविले आणि इंग्रजी एक विषय म्हणून ठेवली. परदेशी उदाहरणाच्या आधारे मराठीला विद्यापीठाच्या वर्गात स्थान मिळाले, ही या कथेतील सर्वांत लक्षणीय बाब होय.

उसनवारीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्त्रियांचे कार्यक्षेत्र वेगळे, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा, हा विचार नारुसे यांच्या मांडणीत होता आणि हिंगण्यातही तो उतरला. गृहशास्त्राला तेथे मानाचे स्थान मिळाले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे, असे आगरकर त्यापूर्वी कितीतरी वर्षे सांगत होते. त्या मोजपट्टीने पाहता हे पाऊल मागेच पडले होते. बालविवाहाच्या काळात मुलींच्या वाट्याला शिकण्याची वर्षेच थोडी येत, हे कर्व्यांचे व्यावहारिक भान मान्य केले, तरी आगरकरांचा आक्षेप त्याने निकाली निघत नाही.

आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. पदवीला सरकारी मान्यता नव्हती आणि पैशासाठी कर्वे गावोगाव फिरत होते. मदत आली तीही जपानच्या वाटेने. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात टोकियोचे महिला विद्यापीठ पाहून प्रभावित झाले आणि १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या संस्थेला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. आजचे एसएनडीटी ते हेच.

स्वतः कर्वे मात्र तोवर जपानला गेलेलेच नव्हते! १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते जगप्रवासास निघाले. जिनिव्हा आणि डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांना ते उपस्थित राहिले. जिनिव्हात त्यांनी भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर भाषणही केले. पुस्तिकेत वाचलेले विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते अमेरिकेहून जपानमार्गे परतताना, आपले विद्यापीठ काढल्यानंतर जवळजवळ १४ वर्षांनी.

आणि एक तपशील. टोकियोची ती संस्था नावाने विद्यापीठ असली, तरी जपानी कायद्याच्या लेखी तेव्हा केवळ एक विशेष विद्यालय होती. विद्यापीठाचा दर्जा तिला १९४८ मध्ये मिळाला, एसएनडीटीला वैधानिक मान्यता १९५१ मध्ये.