उरलेल्या फितींचा वारसा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या भूशिरावर, वाळूच्या टेकड्यांत उभ्या असलेल्या आणि विजेची वा नळाच्या पाण्याची सोय नसलेल्या एका झोपडीत, १९९८ साली बार्बरा हॅमर ही चित्रपटकर्ती महिनाभर एकटी राहिली. १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपण्याचा, ध्वनिफितीवर भोवतालचे आवाज साठविण्याचा आणि रोजनिशी लिहिण्याचा क्रम तिने तेथे चालविला. एका सेकंदात चोवीस चौकटी सरकविणाऱ्या या माध्यमात मधला काळ सोडून एकेक चौकट घेत गेल्यास प्रहरभराची सावली काही क्षणांत वाळूवरून निघून जाते. पण त्यासाठी छायाकाराला तो प्रहर तेथेच बसून काढावा लागतो. या साऱ्या सामग्रीतून तिने चित्रपट मात्र केला नाही, आणि तिची पेटी वीस वर्षे तिच्या दप्तरात पडून राहिली.

हॅमरचा जन्म १९३९ सालचा, हॉलिवूडमधला. विवाहबंधनातून बाहेर पडून, आपले प्रेम स्त्रीवर आहे हे उघडपणे स्वीकारून, ती सॅन फ्रान्सिस्कोत चित्रपटकलेचे शिक्षण घेऊ लागली, तेव्हा प्रयोगशील चित्रपटकर्ती माया डेरेन हिच्या चित्रपटांनी तिला वाट दाखविली. १९७४ साली तिने केलेला ‘डाइकटॅक्टिक्स’ हा अवघ्या चार मिनिटांचा चित्रपट, स्त्रियांमधील प्रणय समलिंगी स्त्रीनेच पडद्यावर आणल्याचा पहिला दाखला मानला जातो. त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि माझ्या मते तिची खरी थोरवी १९९२ सालच्या ‘नायट्रेट किसेस’ या पहिल्या दीर्घ चित्रपटात प्रकट होते.

त्यात तिने हाती घेतलेले काम इतिहासकाराचे होते. आपली खासगी पत्रे प्रसिद्ध करू नयेत असे मृत्युपत्रात बजावून गेलेली कादंबरीकार विला कॅथर, नाझी राजवटीतील समलिंगी स्त्रिया, १९३४ पासून हॉलिवूडमध्ये कठोरपणे अमलात आलेली आणि असल्या प्रेमाला पडद्यावर मज्जाव करणारी नियमावली, या सर्वांचा मागोवा घेताना तिच्या ध्यानी आले की, ज्यांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सन्मानाने झाली नाही, त्यांचा इतिहास तुकड्यांतूनच जुळवावा लागतो. म्हणून तिने १९३३ सालच्या ‘लॉट इन सॉडम’ या लघुपटाचे तुकडे आपल्या चित्रपटात गुंफले. आणि शीर्षक घेतले ते त्या जुन्या नायट्रेट फितीवरून, जी सहज पेट घेते आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप कुजते.

२००६ साली तिला अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. अखेर जवळ आल्याचे ओळखून, इतरांच्या उरल्यासुरल्या अवशेषांचा आयुष्यभर शोध घेतलेल्या या स्त्रीने २०१८ साली आपल्या अपुऱ्या राहिलेल्या सामग्रीची व्यवस्था हयातीतच लावली. १९७५ साली ग्वाटेमालात टिपून बाजूस ठेवलेल्या फिती चित्रपटकर्ती डेबोरा स्ट्रॅटमनच्या हवाली झाल्या आणि त्यांतून ‘व्हेव्हर’ हा चित्रपट साकारला, ज्यात डेरेनचेही शब्द येतात. केप कॉडची पेटी गेली लिन सॅक्स या चित्रपटकर्तीकडे. कलावंत आपले अपुरे काम सहसा लपवितो, प्रसंगी जाळतोही. ते परक्या हाती सोपवून ‘तुझ्या मनाप्रमाणे चित्रपट कर’ अशी मुभा देण्यास जे औदार्य लागते, ते मला फार दुर्मिळ वाटते.

सॅक्सने आजारी हॅमरकडून ती जुनी रोजनिशी तिच्याच आवाजात वाचून घेतली. १६ मार्च २०१९ रोजी हॅमर निवर्तली. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ‘अ मंथ ऑफ सिंगल फ्रेम्स’ या चौदा मिनिटांच्या माहितीपटाला पुढे ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात २०२० सालचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. त्यात सॅक्सने आपला आवाज हॅमरच्या आवाजावर चढविलेला नाही: सॅक्सला जे म्हणायचे आहे ते अक्षरांच्या रूपाने पडद्यावर येते, हॅमरच वाचीत राहते, आणि ज्या चौकटी हॅमरने एकटीने घेतल्या होत्या, त्यांवर आता दोघींचे शब्द एकत्र नांदतात.