ऑनलाइन खेळविश्वातील खेळाडूंच्या खुणा

ऑनलाइन खेळविश्वातील खेळाडूंच्या खुणा : एखादा खेळाडू बाहेर पडला तरी सर्व्हरवर चालूच राहणाऱ्या आणि अनेकांनी एकाच वेळी वावरण्याच्या संगणकीय जगात खेळाडूंच्या कृतीमुळे घडणारे टिकाऊ बदल. बांधकाम, घटना, स्मारक आणि नकाशावरील ठिकाण ही त्यांची प्रमुख रूपे होत. या नोंदीत प्रत्यक्ष जागेशी निगडित खुणांना अधिक जागा दिली आहे. मुंबईच्या मानखुर्द–गोवंडी पट्ट्यातील उदाहरणे त्याच प्रकारात मोडतात, आणि वस्तीतल्या माणसाला खेळातून आपल्या जागेबद्दल काही सांगता येते ते प्रामुख्याने याच मार्गाने.

पूर्वेतिहास : इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेले ‘मड’ हे केवळ मजकुराचे खेळविश्व ठरावीक काळाने मूळ स्थितीला आणले जाई, त्यामुळे खेळाडूची पदवी टिके, जगातील बदल टिकत नसे. पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये उघडलेल्या ‘लॅम्बडामू’त खेळाडूंना स्वतः खोल्या आणि वस्तू घडवण्याची मुभा मिळाली व त्या जगाचा मोठा भाग रहिवाशांनीच बांधला. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये (१९९७) सामायिक जमिनीवर घरे बांधता येत. थोड्याच काळात मोकळी जमीन दुर्मीळ झाली आणि घरांची खरेदी-विक्री खऱ्या पैशांत होऊ लागली.

घटना : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये सप्टेंबर २००५ मध्ये पसरलेली ‘करप्टेड ब्लड’ची साथ हे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण. हक्कार या प्रतिस्पर्ध्याशी लढताना लागणारी बाधा त्या लढाईपुरतीच राहावी अशी रचना होती. मात्र खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांसोबत ती शहरांत पोहोचली. दुकानदारासारखी संगणकचालित पात्रे स्वतः न मरता ती पसरवत राहिली आणि खालच्या पातळीवरचे खेळाडू पटापट मरू लागले. काही जण इतरांना बरे करायला धावले, काही शहर सोडून गेले, काहींनी बाधा मुद्दाम पसरवली. अखेर निर्मात्या कंपनीला सर्व्हर पूर्ववत करावे लागले, म्हणजे खेळात या साथीचे काहीच उरले नाही. तिची खूण उरली ती खेळाबाहेर : एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला आणि साथीच्या काळात माणसे कशी वागतात याच्या अभ्यासात तो आजही आधाराला घेतला जातो.

‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २७–२८ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या तारकाप्रणालीत सुमारे २१ तास लढाई चालली. एका प्रदेशाच्या ताब्याचे शुल्क वेळेवर न भरल्याने ती पेटली. तीत ‘टायटन’ वर्गाची ७५ जहाजे नष्ट झाली आणि निर्मात्या कंपनीने त्यांचे अवशेष त्या जागी कायमचे ठेवले. त्याच वर्षी आइसलँडमधील रेक्याविक बंदरात खेळाडूंची नावे कोरलेले स्मारकही उभे राहिले.

स्मारके : मृत खेळाडूंच्या स्मरणार्थ पात्रे, थडगी व सभा यांची प्रथा अनेक खेळांत आहे. मॅट्स स्टीन (मृत्यू २०१४) या नॉर्वेजियन खेळाडूचे ‘इबेलिन’ हे पात्र माहितीपटामुळे जगभर परिचित झाले.

बांधकाम व ‘माइनक्राफ्ट’ : घनाकार ठोकळ्यांच्या या स्वीडिश खेळात जगातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट काढता वा रचता येते. ‘२बी२टी’ हा सर्व्हर २०१० पासून एकदाही पुसलेला नाही. त्यावरील उद्ध्वस्त वास्तूंचा इतिहास खेळाडूंनीच लिहून ठेवला आहे. नगररचनेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा टप्पा वेगळा आहे. स्वीडनमध्ये २०११ च्या सुमारास ‘मीना क्वार्टेर’ या उपक्रमात तरुणांना आपल्या वसाहती या खेळात पुन्हा रचून पाहायला दिल्या गेल्या. त्यातून २०१२ मध्ये खेळाची निर्माती मोयांग ही कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था यूएन-हॅबिटॅट यांचा ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक नैरोबीच्या किबेरा वस्तीतील मैदानाचा होता.

मानखुर्द–गोवंडी : मानखुर्द, गोवंडी, देवनार व ट्रॉम्बे हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व प्रभागात येतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात या प्रभागाचा निर्देशांक ०.०५, म्हणजे शहरातील सर्वांत कमी, नोंदवला होता. देवनारची कचराभूमी १९२७ पासून येथे आहे. रेल्वेरुळांलगतच्या आणि रस्त्यांच्या कामात हटवलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत याच प्रभागात घरे मिळाली. इमारती एकमेकींना खेटून आहेत आणि मुलांना खेळायला मोकळी जागा फार थोडी आहे.

या प्रभागातील गौतमनगर परिसरातले लोटस गार्डन हे उद्यान सुधारण्यासाठी यूएन-हॅबिटॅटने मुंबई एन्व्हायर्नमेंटल सोशल नेटवर्क या संस्थेसह काम केले आणि रहिवाशांच्या सहभागासाठी ‘माइनक्राफ्ट’ वापरले. अशा कार्यशाळेची पद्धत सर्वत्र साधारण सारखी असते. प्रत्यक्ष जागेचे प्रतिमान आधी खेळात तयार केले जाते. सहभागी लोक जागेवर फिरून येतात, दोघे-तिघे मिळून एका संगणकावर बसतात आणि खेळातल्या त्याच जागेत झाडे, दिवे, बाके, कुंपणे, पायवाटा रचतात. शेवटी प्रत्येक गट आपली रचना इतरांसमोर व अधिकाऱ्यांसमोर मांडतो आणि कशाला प्राधान्य द्यायचे ते एकत्र ठरते.

या पद्धतीचे मोल तिच्या मापात आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. नकाशावरील रेघ म्हणजे भिंत की गटार हे ज्याला कळत नाही, त्यालाही ठोकळ्यांच्या बागेतून चालताना दिवा कुठे हवा ते कळते. पालिकेच्या बैठकीत सहसा न बोलणाऱ्या बायका आणि मुले अशा कार्यशाळांत बोलतात, असा या कार्यक्रमाचा विविध देशांतील अनुभव आहे. संध्याकाळनंतर बागेत जाता येत नाही ही तक्रार तोंडी राहिली तर विरून जाते. प्रतिमानात मात्र तीच नेमक्या जागी उभा केलेला खांब होते आणि अधिकाऱ्याला त्या खांबाबद्दल हो किंवा नाही म्हणावे लागते. ही खूण खेळविश्वात जन्मते पण तिचे टिकणे जमिनीवर ठरते. प्रतिमान म्हणजे मंजूर आराखडा नव्हे. निधी, देखभालीचे कंत्राट, रखवालदार आणि दाराच्या वेळा यांचा निर्णय खेळाबाहेरच होतो, आणि कार्यशाळेतील उत्साहाची परीक्षाही तिथेच होते.

नकाशावरील ठिकाणे : नायँटिक कंपनीच्या ‘इन्ग्रेस’ (२०१२) या प्रत्यक्ष जगात फिरून खेळायच्या खेळात खेळाडू आपल्या परिसरातील देऊळ, पुतळा, भित्तिचित्र, उद्यान यांचे छायाचित्र पाठवून ते ‘पोर्टल’ म्हणून सुचवत. सुमारे दीड कोटी सूचनांपैकी ५० लाख स्वीकारल्या गेल्याचे कंपनीचे प्रमुख जॉन हँके यांनी २०१६ मध्ये सांगितले होते. त्याच साठ्यातून त्या वर्षी ‘पोकेमॉन गो’ या तशाच खेळातील ‘पोकेस्टॉप’ व ‘जिम’ ही ठिकाणे निवडली गेली. आधीच्या खेळातील खेळाडूंनी पायी फिरून केलेल्या नोंदींवर नंतरचा, कितीतरी मोठा खेळ उभा राहिला. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या भागीदारीत आला तेव्हा जिओ व रिलायन्स डिजिटलची दुकानेही नकाशावर चढली. म्हणजे नकाशात जागा मिळण्याचे येथे दोन मार्ग झाले : खेळाडूची सूचना आणि कंपन्यांचा करार.

पुढे ‘पोकेमॉन गो’च्या वरच्या पातळीवरील खेळाडूंनाही ठिकाणे सुचवता येऊ लागली आणि ‘वेफेअरर’ या व्यवस्थेत (२०१९) इतर खेळाडू ती तपासू लागले. निकषांनुसार ठिकाण कायमस्वरूपी, पायी सुरक्षितपणे पोहोचता येण्याजोगे आणि सार्वजनिक हवे. खासगी राहती घरे आणि शाळांचे आवार चालत नाही. निकष वाजवी आहेत, पण दाट वस्तीत त्यांचा परिणाम विषम होतो. गणेशोत्सवातील मंडप सगळ्या गल्लीचे केंद्र असला तरी तो कायमचा नसल्याने बाद ठरतो. बालवाडीही मुलांची जागा म्हणून वगळली जाते. उरतात ती बुद्धविहार, मंदिर, मशीद, पुतळा, उद्यानाचे प्रवेशद्वार यांसारखी ठिकाणे. शिवाय खेळाच्या नकाशात जमीन ज्या चौकटींत विभागली आहे, त्यांतील लहान चौकटीत (बाजू सुमारे ७०–८० मीटर) एकच पोकेस्टॉप दिसतो, असा नियम खेळाडूंनी निरीक्षणातून शोधला आहे. अरुंद गल्ल्यांत तेवढ्या अंतरात निकषांत बसणारी दोन-तीन ठिकाणे असली तरी नकाशावर एकच राहते.

अमेरिकेतील शहरांच्या अभ्यासात (२०१७) गोऱ्या लोकांच्या वस्त्यांत पोकेस्टॉप अधिक दाट आढळले. सूचना करणारे आधीचे खेळाडू जिथे राहत व हिंडत, तिथलाच नकाशा भरला. मुंबईत महागडे फोन, मोबाइल डेटा आणि फिरायला मोकळा वेळ यांची वाटणी समान नसल्याने हाच धोका येथेही आहे.   नायँटिकने ‘पोकेमॉन गो’ २०२५ मध्ये स्कोपली या कंपनीला विकला. 

खुणा नष्ट होणे : सर्व्हर बंद होताच बहुतेक खुणा जातात (उदा. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’, २०११, ‘सिटी ऑफ हीरोज’, २०१२). भारतात सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली. त्यात जग प्रत्येक सामन्यानंतर पुसले जात असल्याने खेळाडूची खूण म्हणजे त्याचे खाते, पोशाख आणि क्रमवारी एवढीच होती. २०२१ मध्ये आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त जुन्या खात्यातील वस्तू काही काळ हलवता येत होत्या, ज्यांनी त्या मुदतीत हे केले नाही त्यांच्या वस्तू मागेच राहिल्या.

मालकी : बहुतेक खेळांच्या करारांनुसार खाते व त्यातील वस्तू वापरण्याचा फक्त परवाना खेळाडूला मिळतो.