तळटीप : राखेच्या रंगाची भातसा

१. 'भातसा राखेसारखी दिसली' : खडवलीच्या नदीचे हे वर्णन अलंकारिक नाही, शब्दशः घ्यावे. डोळे शाबूत असूनही मेंदूच्या मागच्या बाजूला, खालच्या भागात पक्षाघाताने वा माराने इजा झाली तर रंग जातात. जन्मजात रंगांधत्वात बहुधा लाल-हिरव्याची गल्लत होते. इथे सगळेच करडे. स्विस नेत्रवैद्य लुई व्हेरे यांनी १८८८मध्ये नोंदवलेल्या स्त्रीच्या नजरेतल्या फक्त उजव्या अर्ध्याचे रंग गेले होते. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला होती. अशा माणसाला घरच्यांनी भ्रमिष्ट ठरवू नये, म्हणून इतके सविस्तर लिहिले. ऑलिव्हर सॅक्स यांच्या चित्रकार रुग्णाला अपघातानंतर टोमॅटो काळा दिसे. तो डोळे मिटून जेवायचा. — संपा.