गठ्ठा मतांचा हिशेब : घाटकोपर, १९९८

निवडणूक जवळ आली की राजकीय पंडित आमच्या वस्त्यांची बेरीज मांडायला बसतात. अमुक मतदारसंघात दलित मते इतकी, अमुक पुढारी अमुक आघाडीत, सबब ती मते तिकडे. 'गठ्ठा मते' हा शब्द याच हिशेबातला. गठ्ठा कापसाचा असतो, कागदाचा असतो. तो कुणीतरी बांधतो आणि कुणीतरी विकतो. माणसांना हा शब्द लावणाऱ्यांनी इतिहास तपासलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासायचा असेल तर १९९६ ते १९९९ या काळातले घाटकोपर पाहावे.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या. घाटकोपर ज्यात येते त्या ईशान्य मुंबईतून भाजपचे प्रमोद महाजन निवडून आले. राज्यातही युतीचेच सरकार होते. हा गड पक्का मानला जात होता.

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या चळवळीत हयात घालवलेल्या या शाहिराने जाताना डोक्याला निळे फडके बांधले होते. माणूस लाल की निळा, असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय हवे?

पुढच्याच वर्षी लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली. रिपब्लिकन गट एकत्र आले. काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी पक्ष यांचा समझोता झाला. काँग्रेसला ३३ आणि रिपब्लिकन पक्षाला ४ जागा मिळाल्या. युती १० वर आली. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले निवडून आले. या चारही जागा खुल्या होत्या. एकट्या दलित मतांवर खुल्या जागा जिंकता येत नाहीत. तिथे इतरांचीही मते पडावी लागतात. ईशान्य मुंबईत काँग्रेसचे गुरुदास कामत यांनी महाजनांचा पराभव केला.

हा केवळ गोळीबाराचा परिणाम होता, असे मी म्हणणार नाही. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, अशा आपल्या पद्धतीत विरोधी मते एकवटली की निकाल उलटतो. पण मते एकवटायलाही कारण लागते. पंडितांनी पक्षांच्या पाट्या मोजल्या. जखम त्यांच्या कोष्टकात बसत नव्हती.

१९९९ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. मधल्या काळात काँग्रेस फुटली आणि रिपब्लिकन ऐक्यही फुटले. ईशान्य मुंबईची जागा भाजपच्या किरीट सोमय्यांकडे गेली. रमाबाई नगरची जखम तेव्हा भरली होती काय? गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली. म्हणजे दुःख तेच होते. तुटले ते पुढाऱ्यांचे ऐक्य.

पाटीची ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतले काळे मतदार गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी कित्येक दशके बांधलेले होते. १९३६ साली त्यांतल्या बहुसंख्यांनी डेमोक्रॅट रूझवेल्टला मत दिले. मंदीत भाकरीचा प्रश्न उभा होता आणि लिंकनच्या नावावर पोट भरत नव्हते. त्यांनी पक्ष सोडला. माणूस म्हणून जगण्याची मागणी सोडली नाही.

आपल्याकडे २०११ साली आठवले शिवसेना-भाजपबरोबर गेले. २०२४ मध्ये संविधानाचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा ईशान्य मुंबईतून भाजपचा पराभव करून निवडून आला तो उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचा उमेदवार. १९९७ साली सत्तेवर असलेल्या युतीतलाच तो एक पक्ष. पाट्या किती फिरल्या पाहा!

निष्ठा हा शब्द आपण फार सैल वापरतो. पुढाऱ्याची निष्ठा आघाडीबरोबर बदलते आणि तिला धोरण म्हणतात. वस्तीने मत बदलले की तिला भरकटलेली म्हणतात. माझ्या मते वस्तीची निष्ठा न्यायाच्या मागणीशी आहे. निकालाचे भाकीत ज्याला करायचे असेल त्याने पुढाऱ्यांची यादी बाजूला ठेवावी आणि वस्तीत जाऊन कोणता हिशेब अजून चुकता व्हायचा आहे ते विचारावे. कार्यकर्त्यांनी तर हे आधी विचारले पाहिजे, कारण १९९८ चे ऐक्य हातातून गेले ते मतदारांमुळे नव्हे.