राहुटीतली शाळा

शालेय मुलांना रानात नेऊन, राहुटीत निजवून, स्वतःचे अन्न स्वतः शिजवावयास लावण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की, तिच्या उगमाचा विचार आपण सहसा करीत नाही. तो उगम इंग्लंडच्या दक्षिणेस एका लहानशा बेटावर आहे.

१ ऑगस्ट १९०७ रोजी ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. धनिकांच्या निवासी शाळांतील मुले आणि कष्टकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. चार संघ केले व प्रत्येकास पशुपक्ष्याचे नाव दिले. त्यांतील एक होते 'वळू'. (वळूमाता प्रक्षेत्रामुळे ताथवडेकरांना ते परके वाटू नये!) माग काढावा, गाठी माराव्यात, रात्री शेकोटीभोवती गोष्टी ऐकाव्यात, असा दिनक्रम होता. संघाचे नेतृत्व मुलाकडेच, ही खरी नवलाई. वडीलधाऱ्यांनी मागे उभे राहावे, हे आम्हां धर्मगुरूंनाही जड जाते.

ही विद्या बेडन-पॉवेल यांनी काही अंशी आपल्याच भूमीत घडविली होती. हिंदुस्थानातील सैनिकांना दिलेल्या टेहळणीच्या धड्यांवरून त्यांचे १८९९ सालचे पुस्तक तयार झाले. असे असूनही १९०९ साली बंगळुरात बालवीर पथक निघाले, ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच. एतद्देशीय मुलांना दार बंद! तेव्हा अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पंडित मालवीय यांच्या सेवा समितीने अलाहाबादेत आपली पथके उभारली. १९२१ साली बेडन-पॉवेल येथे आले, त्यानंतर अधिकृत चळवळीचे दार भारतीय मुलांना उघडले. तरीही फाटाफूट मिटून सर्वांची एक संस्था होण्यास ७ नोव्हेंबर १९५० उजाडावा लागला.

आपल्या ख्रिस्तसभेतही प्रारंभी शंका होती. प्रॉटेस्टंट देशातून आलेली ही चळवळ श्रद्धा पातळ करील, असे फ्रान्समधील अनेकांस वाटे. येशूसंघीय फादर जाक सेवँ यांनी ती नीट अभ्यासली आणि १९२० साली फ्रान्समध्ये कॅथलिक बालवीरांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. २०१२ साली त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित करण्यात आले.

मुलींनी तर वाट पाहिलीच नाही. १९०९ साली लंडनच्या मेळाव्यात त्या आपण होऊन हजर झाल्या. पुढल्या वर्षी त्यांच्यासाठी गाइड चळवळ सुरू झाली. भारतात ती १९११ साली जबलपुरात आली. या मुलींच्या जागतिक केंद्रांपैकी आशियातील केंद्र 'संगम' हे पुण्यातच आहे. १९६६ साली ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देशोदेशीच्या मुली तेथे येतात, आणि आपल्या किती कन्यांनी ते पाहिले आहे?

२००९ साली ताथवडे महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आता शाळा मुलांना बसने रिसॉर्टवर नेतात. दोरावरून घसरणे होते, छायाचित्रे निघतात, जेवण मात्र आचारी वाढतो. त्यास शिबिर म्हणावयास आम्ही तयार नाही. वर्गणीमुळे गरिबाचे मूल घरी राहते, ही तर ब्राउनसीच्या अगदी उलट चाल आहे. धर्मग्रामाच्या आवारात चार राहुट्या, दोन चुली आणि एक रात्र, एवढ्याने काम भागते. स्वयंपाक करपला तरी तो मुलांनीच खावा.