सहज की अपथ्यज?



"आमच्या घराण्यातच साखर आहे," हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. अलीकडे त्याचा व्याप वाढला आहे. घराण्याच्या जागी आता सारा देश आला असून, "मधुमेह आपल्या भारतीयांच्या रक्तातच आहे," असे शिकलेली माणसेही म्हणू लागली आहेत. हे विज्ञानानेच सिद्ध केले आहे, असा त्यांचा समज असतो. विज्ञानाने नेमके काय सांगितले, कोणत्या क्रमाने सांगितले आणि त्यातले किती पुढे टिकले, हा इतिहास आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न तसा जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत. एक सहज, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला. दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आणि म्हणून दोघांची चिकित्साही वेगळी. जन्म आणि जगणे यांचा हा वाद तेव्हापासून चालू आहे. आधुनिक शास्त्राने तो संपविला नाही. त्याची जागा तेवढी बदलली.

इसवी सन १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. मरणाच्या दारातली मुले त्याने उठून बसली. साहजिकच मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, अशी समजूत रूढ झाली. तिला पहिला धक्का दिला तो लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ साली. रोग्यांस साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन त्यांनी दाखविले की, काहींच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम चटकन होतो आणि काहींच्या फारच कमी. पुढे १९६० च्या सुमारास न्यूयॉर्क येथे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत काढली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात ते कमी नसून उलट जास्तच आढळले. किल्ली होती, कुलूपच गंजलेले होते. ह्यालाच आज इन्सुलिनविरोध म्हणतात.

मग हे कुलूप असते कोठे? मुख्यतः स्नायूंत. इन्सुलिनची पातळी वाढविली असता रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सुमारे चार पंचमांश भाग स्नायू घेतात, असे १९७९ नंतरच्या डिफ्रान्झो प्रभृतींच्या प्रयोगांतून दिसून आले. तेव्हापासून ह्या रोगाचा विचार करणाऱ्यांची दृष्टी स्वादुपिंडाइतकीच दंड-मांड्यांकडेही वळली.

ह्याच काळात लोकालोकांतील भेदाचा प्रश्न पुढे आला. १९६२ साली अमेरिकेतील जेम्स नील यांनी एक कल्पना मांडली. दुष्काळ आणि सुकाळ यांच्या फेऱ्यांत जी माणसे अन्न काटकसरीने साठवू शकली तीच तगली. तीच काटकसरी जनुके आज सुबत्तेच्या दिवसांत वैरी झाली आहेत. कल्पना मोहक होती. तिचे उदाहरण म्हणून लवकरच ॲरिझोनातील पिमा लोकांकडे बोट दाखविले जाऊ लागले. १९६५ पासून त्यांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात पस्तिशीपुढील सुमारे निम्म्या माणसांस मधुमेह आढळला. जगात इतके प्रमाण तेव्हा कोठेच नोंदलेले नव्हते.

परंतु ह्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतील नावाचा अर्थ 'नदीची माणसे' असा आहे. गिला नदीच्या पाटांवर ते पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळविले. शेती गेली, उपासमार आली आणि तिच्यामागून सरकारी शिध्याचे पीठ व चरबी आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना येथे बोलकी आहे. मेक्सिकोच्या डोंगरांत राहून कष्टाची शेती करणाऱ्या पिमांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे ७ टक्के. त्यांच्याच जवळच्या नात्यातील ॲरिझोनावासी पिमांत ३८ टक्के. रक्त बहुतांशी तेच. पाणी मात्र तेच राहिले नव्हते.

आता आपल्या लोकांकडे वळू. १९९१ साली मॅकीग आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम लंडनमधील पाहणी प्रसिद्ध केली. चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के, तर त्यांच्या युरोपीय शेजाऱ्यांत ४ टक्के. आपल्या लोकांच्या रक्तात इन्सुलिनही जास्त. म्हणजे भेद खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्याच्या कारणाचा.

येथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. जनुक असणे वेगळे आणि जनुकाची अभिव्यक्ती होणे वेगळे. घरात पोथी एकच असते. पण कोणता अध्याय कोणत्या दिवशी वाचला जातो, हे प्रसंगावर ठरते. स्नायूतील जनुकांचेही तसेच आहे. आहार, श्रम, झोप, वय ह्या साऱ्यांप्रमाणे त्यांचे वाचन बदलते. स्नायूचा बारीकसा तुकडा काढून हे वाचन तपासणे शक्य झाल्यावर, २००३ साली अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी जाहीर केले की, मधुमेही माणसांच्या स्नायूंत इंधन जाळणाऱ्या तंतुकणिकांची जनुके मंदपणे वाचली जातात. त्यांपैकी एका गटाला, ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे पण ज्यांना स्वतःस तो झालेला नाही अशा मेक्सिकन-अमेरिकन लोकांतही हीच मंदता दिसली. आता कोडे सुटले, असे वाटू लागले. भारतीयांच्या तंतुकणिकाच दुबळ्या असणार, हा तर्क ओघानेच आला.

पण २००८ मध्ये मेयो क्लिनिकमधील श्रीकुमारन नायर यांच्या गटाने अमेरिकेतील भारतीय आणि उत्तर-युरोपीय वंशाचे लोक यांचे स्नायू ताडून पाहिले, तो उलटेच दिसले. भारतीयांच्या तंतुकणिकांची ऊर्जा निर्माण करण्याची क्षमता युरोपीयांहून अधिक होती. आणि तरीही त्यांचा इन्सुलिनविरोध तीव्र होता. तर्काचा मनोरा खाली आला. एका समाजात आढळलेले कारण दुसऱ्यास सरसकट लावता येत नाही, एवढा धडा तेथे मिळाला.

दुसरा धडा आपल्या पुण्याने दिला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील बालके जन्मतः सरासरी पावणेतीन किलोंच्याही आतली, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पण आपल्या बालकांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातील इंद्रिये. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. सडपातळ दिसणारे मूल आतून मेदयुक्त! मातेच्या पोटातच स्नायूचे भांडवल कमी पडले, तर पुढे साखर साठवावी कोठे? हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये इंग्लंडातून हेच सुचविले होते की, काटकसर जनुकांनी शिकविली नसेल, गर्भातील उपासाने शिकविली असेल.

म्हणजे सुश्रुतांच्या 'सहज' ह्या शब्दाचा अर्थ आता रुंदावला आहे. जन्मतः असलेले सारेच बीजातले नसते. मातेच्या ताटातलेही असते. आणि ते ताट कोणी, किती भरले, हा प्रश्न रक्ताचा नसून इतिहासाचा आहे, अर्थकारणाचा आहे, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचाही आहे.

बीजाचा वाटा मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण 'रक्तातच आहे' ह्या वाक्याने दोन अनर्थ होतात. रोगी हातपाय गाळून बसतो आणि समाज आपली जबाबदारी झटकतो. पिमांच्या रक्ताची अनेक वर्षे तपासणी झाली. त्यांची नदी कोणी नेली, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. उलट चेन्नई येथील २००६ च्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांस केवळ चालणे आणि आहार सुधारणे एवढेच सांगितले, तर तीन वर्षांत रोगाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. रक्त तेच होते, स्नायूंना काम मिळाले होते.

वंश हा उत्तर म्हणून पुढे केला की शोध थांबतो. प्रश्न म्हणून घेतला तर तो शेतापर्यंत, पाण्यापर्यंत आणि चुलीपर्यंत पोचतो. आपण दुसरी वाट धरावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.