मुंबईचा उकिरडा : महालक्ष्मी ते देवनार

भिंत पाडून नवी खोली काढणारा गृहस्थ विटांचे तुकडे आणि चुन्याची माती गोणींत भरून दाराबाहेर ठेवतो. त्याच दारांतून भाजीचे देठ आणि उष्टें-खरकटें बाहेर पडतें. उंबऱ्यापलीकडे गेलेली वस्तु आपली राहिली नाहीं, असें घरांतील सर्वांसच वाटतें. मुंबईचा इतिहास मात्र ह्या समजुतीविरुद्ध साक्ष देतो.

एकोणिसाव्या शतकांत शहराला केर टाकण्यास फार दूर जावें लागत नसे. बेटांमधील दलदलीची जमीन भरून काढावयाचीच होती. महालक्ष्मीच्या बाजूच्या सखल भागांत शहरचा केर पडे आणि त्यावर पुढें वस्ती उठे. १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. घाण आणि दाटी ह्यांचें भय शहराच्या मनांत बसलें, आणि उकिरडा दूर नेण्याचा विचार बळावला. १९०६ सालीं कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत लोहमार्ग घालण्यांत आला, तो उतारूंसाठीं नव्हे, केराच्या गाड्यांसाठीं! उतारूंची वाहतूक त्यावर १९२४ सालीं सुरू झाली. १९२७ पासून देवनारच्या खाडीकांठीं केर पडूं लागला. कचरा पुढें गेला आणि माणसें त्याच्या मागून गेलीं.

१९५० पर्यंत शहराची हद्द वाढून चेंबूर-देवनार शहरांतच आलें. १९७० नंतरच्या दशकांत शहरांतून उठविलेल्या झोपड्यांना ह्याच ढिगाऱ्यालगत जागा मिळाली. शहर ज्याला ‘बाहेर’ म्हणत होतें, तें कोणाचें तरी अंगण झालें.

ढिगाखालीं दबलेलें अन्न हवेवांचून कुजलें, कीं त्यांतून मिथेन हा ज्वलनशील वायु निघतो. जानेवारी २०१६ मध्यें देवनारचा ढीग पेटला. धूर कित्येक दिवस शहरावर राहिला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. टाकलेलें असें श्वासावाटे घरीं परत आलें.

विटामातीचा राडारोडा कुजत नाहीं, जळतहि नाहीं. परंतु जागा अडवितो. वस्तुतः विटा, दगड व काँक्रीट भरडून पुन्हां बांधकामास लावतां येतें. म्हणूनच २०१६ सालीं केंद्र सरकारनें त्यासाठीं स्वतंत्र नियम केले आणि तो घरच्या केरांत मिसळूं नये, असें ठरविलें.

पण नियमांचा अंमल उकिरड्यावर होत नाहीं. एकदां एकत्र झालेलें तेथें निवडणें जवळजवळ अशक्य असतें, आणि जें निवडलें जातें तें गरिबाच्या उघड्या हातांनीं. खत व्हावयाचें काय आणि पुन्हां भिंतींत जावयाचें काय, ह्याचा निवाडा उंबऱ्याच्या आंत, गोणीचें तोंड बांधण्यापूर्वींच व्हावा लागतो.